मागच्या दाराची गोष्ट

आज आपण परसदाराविषयी बोलणार आहोत. परसदार म्हणजे घराचं मागचं दार आणि त्या दाराबाहेरची मोकळी जागा. आमच्या शहाड, म्हारळ, वरप, कांबा या पट्ट्यात ती जागा आता कुठे दहा फूट बाय बारा फूट उरली आहे, तर कुठे नुसती न्हाणीपुरती. तुमच्या गावात अजून मोठी असेल. मोठी असली तर जास्तच लक्ष देऊन ऐका, कारण आमच्याकडेही एकेकाळी मोठीच होती.

घराचा पुढचा ओटा सगळ्यांना माहीत असतो. पाहुणे तिथे बसतात, सोयरिकीची बोलणी तिथे होतात, भांडणाचा निवाडा तिथे होतो, निवडणुकीचा उमेदवारही तिथेच चहा पितो. बाई ओट्यावर येते ती चहाचा ट्रे ठेवायला आणि केर काढायला. तिची जागा मागे. मागे पाणी तापवायची चूल, भांडी घासायचा दगड, सरपण, कोंबड्यांचं खुराडं, कपडे वाळत घालायची दोरी. मागे म्हणजे सगळं काम. तरीही गावातल्या बायकांनी आपलं हसणं, रडणं, उखाणे, उसनवारी, सुनेला दिलेला सल्ला आणि सासूची केलेली तक्रार, हे सगळं त्या मागच्या दारीच केलं. दोन घरांच्या परसांमध्ये एकच कुंपण असायचं आणि त्याला एक भोक ठरलेलं असायचं. वाटी तिथून जायची, बातमीही तिथून जायची.

या जागेला इतिहास आहे का, असं कोणी विचारलं तर आम्ही सांगू, आहे, आणि चांगला जुना आहे. आता ज्या पुस्तकाचं नाव घेतो ते ऐकून तुमच्यातल्या काहीजणी पदर तोंडाला लावतील. वात्स्यायनाचं कामसूत्र. अभ्यासक ते साधारण सतराशे ते अठराशे वर्षांपूर्वीचं मानतात. लोकांना वाटतं त्यात एकच विषय आहे, पण त्याचा एक भाग संसारी बाईच्या घरकारभाराविषयी आहे आणि त्यात चक्क परसबागेचं वर्णन येतं. घरच्या बाईने स्वच्छ केलेल्या जागेत पालेभाज्यांचे वाफे करावेत, उसाची बेटं लावावीत, जिरं, मोहरी, ओवा, शेपू लावावा. मोगरा, जाई, कोरांटी, तगर, जास्वंद अशी फुलझाडं लावावीत. मधोमध विहीर किंवा लहान तळं खणून घ्यावं. आणि, हे महत्त्वाचं, त्या बागेत बसायला सुंदर ओटे करून घ्यावेत. त्याच पुस्तकात दुसरीकडे शहरी माणसाच्या घराचं वर्णन आहे. तिथे बागेत गर्द सावलीत झोपाळा सांगितला आहे आणि फुलांनी भरलेला बसायचा चौथरा.

ते पुस्तक श्रीमंताच्या घराकडे बघून लिहिलेलं आहे आणि लिहिणारा पुरुष आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. बाईने काय काय करावं याची लांबलचक यादी त्यात आहे, घरधन्याने काय करावं याची मात्र एवढी नाही. पण भाजी, फूल, पाणी, सावली, झोपाळा आणि बसायची जागा, एवढ्या गोष्टी त्या माणसाने एकाच बागेत मांडल्या. खाण्याची बाग वेगळी आणि बसायची बाग वेगळी असं त्याने केलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

आता आपल्या परसात उभं राहून बघू या. मिरचीचं झाड, पेरू, पपई, सीताफळ, कुंपणावर चढलेला लाल भोपळा, दसऱ्याला तोडायचा झेंडू, संध्याकाळी फुलणारी गुलबक्षी, देवाला वाहायचा पांढरा चाफा. यातलं एकही मूळचं आपलं नाही. ही सगळी अमेरिका खंडातून, समुद्रापलीकडून आलेली मंडळी आहेत. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले, गोव्यात बसले, आणि १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईही त्यांच्याच ताब्यात होती. कल्याणची खाडी वसईच्या खाडीलाच जाऊन मिळते. अशा बंदरांतून हे नवं बी-बियाणं हळूहळू आत शिरलं. मिरचीने तर आपली मिरीच स्वयंपाकघरातून मागे सारली. मूळच्या म्हणाव्यात अशा भाज्या म्हणजे वांगं, कारलं, पडवळ, घोसाळं, अळू, शेवगा. फुलांत अबोली आणि जाई. नव्या आणि जुन्या झाडांची सोयरीक कोणी जमवली? त्याची नोंद कुठल्या राजाच्या दफ्तरात सापडणार नाही. बी राखेत घोळवून, फडक्यात बांधून, आढ्याला टांगून ठेवणाऱ्या बायकांनीच ती जमवली. माहेराहून येताना ओटीत नारळाबरोबर चार बिया आणणारी प्रत्येक सून या इतिहासात आहे.

आमच्या भागातल्या घराचं आणखी एक अंग म्हणजे खळं. आगरी बोलीत ळ चा ल होतो, म्हणून आमच्याकडे तो खला. पावसाळा संपला, भात कापून झालं, की घराजवळची जमीन खणायची, दगड वेचायचे, पाणी शिंपायचं आणि लाकडी चोपण्याने चोपचोप चोपायची. उन्हात सुकली की शेणाने सारवायची. हे काम बायकांचं, कंबर धरेपर्यंत. त्या खल्यावर भात झोडायचं, वारवायचं. आणि भात कणगीत गेलं की तोच खला पुढे होळीपर्यंत, पावसाची चाहूल लागेपर्यंत, घरातली सगळ्यात देखणी खोली होऊन बसायचा. खोलीच म्हणायची ती, फक्त छप्पर नाही. तिथे मांडव पडायचा, हळद लागायची, धवलारीण रात्रभर लग्नाची गाणी म्हणायची. तुळशीचं लग्न तिथेच. भाताचं तूस भाजून केलेली पांढरी रांगोळी तिथेच. चांदण्यात वाकळ टाकून निजायचं तेही तिथेच.

म्हणजे बघा, आपल्या आजीने जागेची आखणी दर ऋतूला नव्याने केली. पावसाळ्यात तिथे भेंडी, काकडी आणि तोंडली, हिवाळ्यात कामाचा खला, उन्हाळ्यात मांडव आणि वाळवणं. एकच तुकडा वर्षात तीन वेळा रूप पालटायचा. आज शहरात मोठी फी घेऊन बागेची आखणी करून देणारे लोक आहेत. त्यांना हे ऐकवलं पाहिजे.

मग ही जागा गेली कुठे?

रेल्वे आमच्याकडे लवकर आली. मुंबईहून ठाण्यापर्यंत १८५३ साली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, कल्याणपर्यंत. रुळांनी थोडी जमीन घेतली, पण परसं शाबूत राहिली. खरा फेरफार झाला दुसऱ्या महायुद्धात. कल्याणच्या बाजूला, उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या मधल्या भागात लष्कराने मोठा तळ उभारला. दोन हजारांवर बराकी बांधल्या. गावांच्या जमिनी, गुरचरणं त्यात गेली. अंबरनाथकडे नेवाळीच्या बाजूला धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनीचा वाद तर पुढे कित्येक वर्षं धुमसत राहिला आणि २०१७ साली तिथल्या शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं.

युद्ध संपलं, तळ ओस पडला. तेवढ्यात देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं त्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिथे नव्या शहराची कोनशिला बसवली. शेजारून वाहणाऱ्या नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अजूनही त्याला कॅम्पच म्हणतात.

त्या सिंधी बायकांविषयी थोडं थांबून बोललं पाहिजे. सिंध हा कडक उन्हाचा मुलूख. तिथल्या हैदराबाद शहरात घरांच्या छपरावर वारा पकडून खाली सोडणारे झरोके असायचे, त्यांना मंघ म्हणत. घरात लाकडी झोपाळा, ज्याला ते पींघो म्हणतात, तो घराच्या इभ्रतीचा भाग. अशा घरांतून निघालेली बाई लष्कराच्या लांबलचक बराकीत येऊन पडली. दोन कुटुंबांच्या मध्ये भिंत नव्हती, होता गोणपाटाचा किंवा साडीचा पडदा. बसायला, बोलायला, केस विंचरायलाही आडोसा नाही. तेव्हा त्या बायकांनी दोन बराकींमधली मोकळी जागा धरली. तिथे खाटा टाकल्या आणि खाटांवर पापड वाळत घातले. उल्हासनगरचे पापड पुढे लोकलच्या डब्याडब्यांत विकले गेले आणि त्या पैशांवर कित्येक संसार उभे राहिले. दिवसा पापडांची खाट, रात्री निजायची खाट, आणि मधल्या वेळात चार जणींची बैठक. आमच्या आगरी आजीचा खला आणि त्यांची ती दोन बराकींमधली गल्ली, यांत आम्हाला तरी फार फरक दिसत नाही. भाषा वेगळी, युक्ती तीच.

पुढे कुटुंबं वाढली. बराकीला एक खोली पुढे, एक मागे, मग वर मजला, असं करत ती गल्लीही भरून गेली. आज उल्हासनगरात दोन घरांच्या मधून छत्री उघडून जाता येत नाही अशा जागा आहेत.

गावांचं तसंच झालं, फक्त कारण वेगळं होतं. १९५० च्या दशकात शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आला. कृत्रिम रेशमाचा धागा काढणारा हा कारखाना. कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून कामगार आले. कारखान्याबरोबर वसाहत आली, बिर्लांनी बांधलेलं विठ्ठलाचं देऊळ आलं, आणि भाड्याच्या खोल्यांची मागणी आली. शहाड, म्हारळ, मोहने, आंबिवली, जिथे तिथे लोकांनी परसात चार-सहा खोल्यांची चाळ बांधली. त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. त्या भाड्यावर पोरं शिकली, मुलींची लग्नं झाली. पण एक प्रश्न विचारायला हवा. परस मोडायचं ठरलं तेव्हा ते कोणाशी बोलून ठरलं? ओट्यावर बसणाऱ्यांशी बोलून ठरलं. ज्या जागेत बाईचा अर्धा दिवस जायचा तिच्याविषयी बाईला कोणी विचारलं नाही, आणि भाडं आलं तेही ओट्यावरच आलं.

म्हणून जागेच्या आखणीआधी कागदाचं बोलू. गावातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर असते. ती नवरा-बायको दोघांच्या नावाने करता येते. आपल्या घराचा उतारा काढून बघा, त्यावर आपलं नाव आहे का. नसेल तर गटाच्या बैठकीत विषय काढा आणि चार-पाच जणी मिळून ग्रामपंचायतीत अर्ज घेऊन जा. एकटीने गेलं की उद्या या म्हणतात.

आता दुसरी गोष्ट, जिच्यावर काही मैत्रिणींशी आमचा थोडा वाद होतो. बचत गटांच्या कामात परसबागेला आता चांगले दिवस आले आहेत. उमेद अभियानातून गोल वाफ्यांची पोषणबाग गावोगाव पोचली. पालक, मेथी, चवळी, शेवगा घरचाच मिळाला तर पोराबाळांच्या अंगाला रक्त लागतं, पैसे वाचतात, हे सगळं खरं आणि चांगलं. पण त्या बागांचे आराखडे नीट बघा. वाफा आहे, कंपोस्टचा खड्डा आहे, पाण्याची वाट आहे. बसायची जागा नाही. बाईने तिथे वाकावं, खुरपावं, तोडावं आणि उठून चुलीकडे जावं, असंच सगळ्यांनी धरून चाललं आहे. सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने निदान दोन ओटे तरी सांगितले होते!

केंद्र सरकारने २०१९ साली देशभर पाहणी केली, लोकांचा दिवस कसा जातो याची. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोल घरकामात जातात असं निघालं. म्हणजे पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची मिनिटं निघाली ९७. आणि यात शेतावरचं, कंपनीतलं काम धरलेलं नाही. तेव्हा परसात एक ओटा मागणं ही हौस आहे असं कोणी म्हटलं तर त्याला हा आकडा ऐकवा.

तर आखणी. समजा जागा दहा फूट बाय पंधरा फूट आहे. पहिल्यांदा काहीच करू नका. चार दिवस फक्त बघा. दुपारचं ऊन कुठून येतं, न्हाणीचं पाणी कुठे साचतं, शेजारच्या खिडकीतून कोण डोकावतं. आपल्याकडे दुपारनंतरचं ऊन पश्चिमेचं आणि तेच भाजतं. म्हणून पश्चिमेला केळ किंवा शेवगा लावा. शेवगा घराच्या भिंतीला खेटून नको, फांदी ठिसूळ असते, वादळात कौलांवर पडते. न्हाणीचं पाणी नळीने केळीकडे वळवा, मध्ये हातभर खोल खड्डा करून त्यात विटांचे तुकडे आणि खडी भरा. अळूलाही ते पाणी चालतं. साबणाचं पाणी पालेभाजीला मात्र घालू नका.

बसायचा ओटा भिंतीला लागून करा, म्हणजे पाठ टेकता येते. उंची सोळा ते अठरा इंच ठेवा. आपल्याकडे जमिनीवर बसायची सवय, पण पन्नाशीनंतर गुडघे ऐकत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. रुंदी दीड फुटाच्या पुढे ठेवली तर मांडी घालून बसता येतं, भाजी निवडता येते, दुपारी घटकाभर आडवंही होता येतं. ओटा बांधायला पैसे नसतील तर जुन्या विटांवर कडाप्प्याची फरशी टाकली तरी चालते, फक्त ती डुगडुगत नाही ना ते बघा. उल्हासनगरचा फर्निचर बाजार आम्हाला जवळ आहे, तिथून जुनं बाकडंही मिळतं, पण लाकूड पावसात टिकत नाही. दगड टिकतो.

ओट्यावर मांडव घाला. चार बांबू, वर सुतळीची किंवा तारेची जाळी. पावसाळ्यात दुधी, घोसाळी, पडवळ चढवा, थंडीत वाल. डोक्यावर भाजी लोंबते आणि खाली सावली मिळते, एका जागेत दोन्ही. उंची सात फूट तरी ठेवा, नाहीतर पडवळ कपाळाला लागतं. झोपाळा हवा असेल तर मांडवाच्या बांबूला टांगू नका आणि सिमेंटच्या पत्र्याखालच्या वाशालाही नको. जाड फांदी किंवा लोखंडी नळीची चौकट हवी, आणि पुढेमागे तीन-तीन फूट मोकळे.

जमिनीचं सांगायचं तर सगळीकडे कोबा किंवा टाईल्स घालायचा मोह आवरा. कोबा दुपारी तापतो तो रात्रीपर्यंत निवत नाही, आणि पावसाचं पाणी मुरायला जागा राहत नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी आमच्या, बदलापूरच्या आणि कल्याणच्या घरांत शिरली. २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. एवढा पूर काही आपल्या परसाने थांबणार नाही. पण रोजच्या पावसाचं पाणी दारात न तुंबता मुरलं तरी पुष्कळ आहे, आणि उन्हाळ्यात बोअरवेलला त्याचाच आधार असतो. पायवाटेपुरत्या फरशा टाका, दोन फरश्यांत बोटभर फट ठेवा. बाकी जमीन सारवा. शेण मिळत नसेल तर बारीक खडी पसरा.

कुंपणाला जास्वंद किंवा मेंदी, दोन्ही कापली की दाट होतात. आडोसा लगेच हवा असेल तर कारवीचा किंवा बांबूचा कूड. पण मैत्रिणींनो, शेजारणीच्या बाजूला ते भोक ठेवा. सरपणाचा ढीग ओट्यापासून लांब रचा, आपल्या जिल्ह्यात घोणस आणि मण्यार दोन्ही आहेत आणि त्यांना ढिगाखालची गार जागा आवडते. मडकी, टायर, करवंट्या यांत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास आठवडाभरात तयार होतो, तेव्हा दर रविवारी सगळी भांडी पालथी करा. दिवा एकच लावा, पिवळसर, ओट्याच्या थेट वर नको तर बाजूला, म्हणजे किडे डोक्यावर पडत नाहीत.

झाडांत सुवासाचं एक तरी असू द्या. मोगरा कुंडीतही होतो, उन्हाळ्यात भरभरून फुलतो. गवती चहा ओट्याच्या कडेला लावा, बसल्या जागेवरून हात लांबवला की पात तोडता येते. तुळस पूर्वेला, सकाळच्या उन्हात. एवढ्या जागेत आंबा, फणस लावू नका. त्यांना जागा लागते आणि त्यांच्या मुळांना तुमच्या पायाच्या भिंतीची पर्वा नसते.

खर्च एकदम करू नये. पाऊस सुरू व्हायच्या आधी केळीचा कोंब आणि वेलांच्या बिया लावून घ्या. दसऱ्यानंतर जमीन वाळली की ओटा बांधा. मांडव कोजागिरीला तयार झाला तर त्याच रात्री गटाची बैठक तिथे ठेवा. दूध आटवायचं काम मात्र त्या दिवशी घरातल्या पुरुषांकडे द्या, चूल मागच्या दारीच आहे, त्यांना वाट सापडेल. आणि येताना प्रत्येकीने आपल्या घरच्या वालाच्या मूठभर शेंगा बियाण्यासाठी आणाव्यात. आमच्याकडे कडवे वाल आहेत, तुमच्याकडे गोडे असतील तर पाठवा.